गट एकशे एकोणीसचा लाल रंग

मठाच्या अंगणात त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. बोईसरच्या पहिल्या पाळीचे कामगार रजा टाकून आले होते, बायका पालघरच्या बाजाराच्या पाट्या बाजूला ठेवून बसल्या होत्या, आणि ज्यांना बसायला मिळालं नाही ते कुंपणावर चढले होते. मध्ये चौरंगावर नभनाथ महाराज. समोर तांब्याचं मोठं ताम्हण, त्यात जास्वंदीच्या फुलांचा ढीग. महाराज त्या फुलांत बघायचे आणि त्यांना सगळं गाव वरून दिसायचं, असं गाव म्हणत होतं.

"आई वर हाय!" महाराज माइकवर गरजले. "आई वरून बघते! कौलाखाली लपाल, पानाखाली लपाल, आईच्या नजरंतून लपाल काय?"

"काय... काय... काय..." माइकमधून तीनदा घुमलं. हा माणूस पूर्वी बोईसरला नवरात्रात मंडळांना साउंड लावून द्यायचा. देव बदलला, पण आवाज घुमवायचं बटण त्याने टाकलं नव्हतं.

महाराज ताम्हणावर वाकले. फुलं हलली. मग एकदम ताठ झाले आणि किंचाळले, "एकशे एकोणीस! एकशे एकोणीसमधून ईख निघतंय! लाल! रगतावानी लाल! हिरव्या वाड्यांच्या मधी डाकीण बसलीय!"

ईख म्हणजे विष. गर्दीतून एकच सुस्कारा निघाला. एकशे एकोणीस हा गट नंबर. सातबारा काढायला गेलात की तलाठी विचारतो, तो. आईला सरकारी गट नंबर ठाऊक असतो, हे ऐकून शिकलेल्यांनीही हात जोडले. मी जोडले नाहीत. मी निवृत्त भूकरमापक, म्हणजे लोकांच्या जमिनी मोजून त्यांच्यात कायमची भांडणं लावून देणारा माणूस. चुरी माझं आडनाव, गाव मला चुरीकाका म्हणतं. पस्तीस वर्षं या नंबरांत घालवूनही मला सगळे पाठ नाहीत, आणि ही आई ते एकही चुकत नव्हती. मला तिथेच शंका आली.

गावाचं नाव मी सांगणार नाही. पालघरच्या किनाऱ्यावर, शिरगाव आणि माहीम यांच्यामध्ये कुठेही समजा. नाव सांगितलं की तुम्ही म्हणाल, तिथलीच माणसं तसली, आणि स्वतः मोकळे व्हाल.

एकशे एकोणीस काशीबाईचा. चार गुंठे जागा, कौलारू घर, आणि घरापुढे मासळी सुकवायचं खळं. सारवून, चोपून घट्ट केलेली जमीन, तिच्यावर बोंबील टांगायच्या बांबूच्या वलांड्या. काशीबाई पासष्टीची, नवरा समुद्रात बुडून गेलेला. बोंबील आणि जवळा सुकवून पालघरच्या बाजारात विकायची. मुलगा कुंदन तारापूरकडच्या एका कारखान्यात पाळ्या करायचा. दोन्ही बाजूंना बागायतदारांच्या चिकू-नारळाच्या वाड्या. त्या वर्षी चिकू गळत होता, पानं पिवळी पडत होती. कुणावर तरी खापर फोडायला गाव आसुसलंच होतं.

काशीबाई उभी राहिली. "म्हाराज, माज्या खल्यात बोंबील हायत. ईख नाय."

"डाकीण कवा सांगते काय, मी डाकीण म्हनून?" महाराज म्हणाले. लोक हसले. मला ते हसू अजून ऐकू येतं.

मठाचे विश्वस्त धर्माजी, गावातली सगळ्यात मोठी वाडी त्यांची. त्यांनी निकाल दिला. वलांड्या आजच तोडायच्या. पाच दिवसांनी पुढचं दर्शन. तेव्हाही एकशे एकोणीस लालच दिसला तर काशीबाईने सूर्य मावळायच्या आत गाव सोडायचं, घराला कुलूप, आणि तिच्याशी बोलेल त्यालाही तीच शिक्षा. "हिरवा झाला तर राहू दे बिचारीला," असंही ते म्हणाले. दया दाखवल्याचं समाधान त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

मग महाराजांनी शेवटचा खिळा ठोकला. "घरच्यानं पयला घाव घातला, तर घर वाचंल."

सगळे खळ्यावर गेले. कुंदनच्या हातात कुणीतरी कोयता दिला. तो आईकडे न बघता वलांडीपर्यंत गेला आणि त्याने पहिला घाव घातला. त्यानंतर बाकीच्यांना धीर आला. अर्ध्या तासात एक बांबू उभा नव्हता. काशीबाई मातीतले बोंबील एकेक उचलून, फुंकून पाटीत टाकत होती. तुटलेल्या बांबूखालचे काढायला तिने कुंदनला "जरा उचल रं" म्हटलं, आणि तो मागे सरकला.

मी तिला म्हटलं, "पोलिसांत जाऊ. कायदा आहे याच्यावर."

"पोलीस येतील आन जातील, चुरीभाव," ती म्हणाली. "मना हितंच रावाचं हाय."

आता दुसरी गोष्ट. निवृत्तीनंतर घरात माझी अडचण व्हायला लागली, असं बायकोने स्पष्ट सांगितल्यावर मी पालघरला एका वर्गाला नाव घातलं. स्टेशनजवळ, झेरॉक्सच्या दुकानावरची खोली. संगणकावर नकाशे करायचे, उपग्रहाची चित्रं वाचायची, सहा महिन्यांचा अभ्यास. शिकवणाऱ्या रूपल मॅडम सत्तावीस वर्षांच्या. मी एकसष्टचा. पहिल्या दिवशी मुलांना वाटलं, मी वीजबिलाचं काही विचारायला आलोय.

पण मला ते सगळं आवडलं, हे कबूल करतो. साखळी ओढून, काट्यांतून रांगत मी जे आयुष्यभर केलं ते इथे पंख्याखाली होत होतं. आधी रंग शिकलो: नकाशात कुठला रंग कशाला द्यायचा, आणि चुकीचा रंग दिला तर खरा आकडासुद्धा खोटं कसा बोलतो. मग जुने नकाशे संगणकावर आणून खऱ्या जमिनीवर बरोबर बसवायचे. शेवटी पाइपलाइन, म्हणजे आपोआप चालणाऱ्या कामांची रांग. तारापूरच्या बाजूच्या माणसाला पाइपलाइन म्हटलं की कारखान्यांचं सांडपाणीच आठवतं, म्हणून आम्ही तिला साखळी म्हणायचो.

"काका, एकदा साखळी लावून दिली की तुम्ही झोपलात तरी ती काम करते," रूपल मॅडम सांगत. "उपग्रहाचं नवं चित्र उतरवून घेते, त्यावर हद्दी ठेवते, रंग भरते आणि ज्याला हवं त्याच्या फोनवर पाठवून देते. चित्रं फुकट आहेत. कुणीही घ्यावीत."

वलांड्या तोडल्याच्या दुसऱ्या दिवशी मी वर्गात बसलो होतो, पण डोकं जागेवर नव्हतं. मॅडम बोलत होत्या, "हे उपग्रह एकाच जागेवरून दर पाच दिवसांनी जातात. फक्त ढग असले तर खालचं काही दिसत नाही."

माझी पेन्सिल थांबली.

महाराजांचं दर्शन दर पाचव्या दिवशी. ना पौर्णिमा, ना अमावास्या, ना मंगळवार. लोकांना त्याचंच मोठं कौतुक होतं की ही आई पंचांग मानत नाही. देवाला वार असतो, तिथी असते. पाचाचा पाढा म्हणणारा देव मी कधी पाहिला नव्हता. जानेवारीत अवकाळी ढग आले होते, त्या दर्शनाला महाराजांचं अचानक मौन होतं. आणि पावसाळ्याचे चार महिने तर "आई निजणार" म्हणून मठाचं दार बंद राहील, असं आधीच जाहीर झालं होतं.

घरी भिंतीवरच्या कॅलेंडरवर बायकोने दर्शनाच्या तारखांना गोल केले होते. ती जायची, माझ्यासाठी नवस बोलायला. मॅडमकडून उपग्रहाच्या फेऱ्यांच्या तारखा घेतल्या आणि समोरासमोर ठेवल्या. प्रत्येक दर्शन फेरीच्या दुसऱ्या सकाळी. एकही चूक नाही. आईपेक्षा वेळापत्रक पक्कं होतं.

आमच्या गावातून त्या वर्गाला दोनच माणसं जायची. एक मी. दुसरी धर्माजींची सून, वैष्णवी. शेतीची पदवी घेतलेली, तीस वर्षांची, स्कूटरवरून यायची. पुढच्या दिवशी वर्ग सुटल्यावर मी तिच्यासमोर दोन्ही तारखांचा कागद ठेवला. तिने तो वाचला आणि तिला रडू फुटलं.

"मी वाड्यांसाठी केलं होतं, काका. देवाशपथ."

"देवाला आता मध्ये आणू नकोस. त्याने खूप केलंय. लॅपटॉप उघड."

तिने उघडला. निरोगी पान एक प्रकाश परत फेकतं, जो आपल्या डोळ्यांना दिसत नाही पण उपग्रहाला दिसतो. पान आजारी पडलं की तो प्रकाश कमी होतो, पान पिवळं पडायच्या आधीच. त्यावरून वैष्णवीने वाड्यांचा नकाशा करणारी साखळी लावली होती. पहिल्याच महिन्यात तिला दामूच्या वाडीचा एक कोपरा उतरलेला दिसला.

"मी बाबांना सांगितलं, दामूकाकांना कळवा, झाडं आतून जातायत. बाबा म्हणाले, तू सांगून कोण ऐकणार? महाराजांच्या तोंडून गेलं की ऐकतील. त्यांनी महाराजांचा नंबर साखळीत घालायला लावला."

आणि महाराजांनी भर दर्शनात सांगितलं होतं, "दामू, तुज्या नैऋत्येची सात झाडं पोकळ झालीत." दामूने खणून पाहिलं तर मुळं खरोखर कुजलेली. त्या दिवसापासून गाव वेडं झालं. जी गोष्ट एका सुनेने सासऱ्याला स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून फुकट सांगितली होती, ती नारळ वाढवून ऐकायला लोक डहाणूपासून येऊ लागले.

"मग काशीबाई कुठून आली?"

"आधी फक्त वाड्या होत्या. बाबा म्हणाले, सगळं गाव टाक. मी सगळे गट टाकले. साखळी त्यांतला सगळ्यात कमी हिरवा गट शोधते आणि त्याला लाल रंग देते, खाली नंबर लिहिते. काशीबाईंच्या खळ्यात..." तिने पडद्यावरच्या लाल चौकोनावर बोट ठेवलं.

खळ्यात गवताचं पातं नाही! चाळीस वर्षं बाईने सारवून, झाडून एक काडी उगवू दिली नाही, कारण गवतात मासळी सुकत नाही. तिची सगळी मेहनत त्या लाल रंगात उतरली होती. आणि तो रंग नेहमीच कुणावर तरी पडणार होता. सगळा वर्ग नव्वद टक्क्यांनी पास झाला तरी शेवटचा नंबर कुणाचा तरी लागतोच. इथे शेवटच्या नंबराला डाकीण म्हणत होते. गाव जंगलासारखं हिरवंगार असतं तरी लाल डाग निघालाच असता.

मग मी हद्दी नीट पाहिल्या. रेघा माझ्याच होत्या. वर्गात सराव म्हणून मी आमच्या गावाचा जुना कापडी नकाशा संगणकावर बसवला होता, आणि मोठ्या अभिमानाने सगळ्यांना वाटला होता. त्या कापडाचा ईशान्येचा कोपरा वाळवीने खाल्लेला. जी रेघ दिसत नाही ती आखायची नाही, हा आमच्या खात्यातला पहिला धडा. मी तेवढा तुकडा सोडून दिला होता. त्या तुकड्यात कोण होतं? मठ. पाऊण एकर अंगणात सिमेंट ओतलेलं, वर पत्र्याचा मंडप, आणि तुळशीवृंदावनातली तुळससुद्धा प्लॅस्टिकची.

"मठ हजेरीपटावर नाहीच," मी म्हणालो.

वैष्णवी डोळे पुसत म्हणाली, "मी साखळी बंदच करते."

"बंद केलीस तर तो मनाने एकशे एकोणीस म्हणेल. आणि इतके दिवस तू काय करत होतीस? वलांड्या तोडल्या तेव्हा तू तिथेच होतीस ना?"

"होते." तिने मान वर केली. "तुम्हीपण होतात, काका."

होतो. मी म्हणालो, "बंद नाही करायची. पुरी करायची. माझा नकाशा अर्धवट आहे, तो आधी पुरा करू."

पुढच्या दिवशी मी मॅडमकडचं मोजणीचं यंत्र घेऊन मठात गेलो आणि भर दुपारी त्याच्या चारही हद्दी मोजल्या. लपूनछपून काही नाही. महाराज स्वतः बाहेर आले.

"काय मोजता?"

"मठ नकाशात नाही, महाराज. घालतोय."

"चांगलं करताय. नोंद पायजेच," असं म्हणून त्यांनी मला प्रसादाचं केळं दिलं. ती जागा धर्माजींनी दान दिलेली, कागदपत्रं त्यांच्याच कपाटात. महाराजांनी सातबारा कधी पाहिलाही नव्हता. दुनियेचे गट नंबर सांगणाऱ्याला स्वतःचा माहीत नव्हता. तो होता एकशे सदतीस. केळं मी खाल्लं. चांगलं होतं.

परत येताना काशीबाईकडे डोकावलो. वाळीत टाकायच्या आधीच लोकांनी तिच्याकडे जाणं बंद केलं होतं. कुंदन पाळी संपवून मित्राच्या खोलीवर राहायचा. खळ्याच्या मधोमध तिने दारातली तुळस आणून ठेवली होती, आणि रंगाच्या तीन जुन्या डब्यांत अबोली, ओवा आणि कढीलिंब. डब्यांना ती पाणी घालत होती.

"आईला हिरवं दिसाया पायजे ना," ती म्हणाली. "दोन दिसांत एवडंच जमलं. दिसंल काय, चुरीभाव?"

दहा बाय दहा मीटरचा तुकडा म्हणजे त्या चित्रातला एक ठिपका. तिची तुळस त्यात कुठे दिसणार होती? मी नाही म्हणू शकलो नाही, हो तर त्याहून नाही. गावातल्या तीन हजार माणसांत लाल म्हणजे काय आणि हिरवं म्हणजे काय याचा विचार फक्त या निरक्षर बाईने केला होता. मला गावाची लाज वाटली आणि स्वतःची जास्त.

वैष्णवीने माझी नवी हद्द साखळीत घातली. बाकी एका अक्षराला हात लावला नाही. रंग तेच, हिशेब तोच, महाराजांचा फोन नंबर तोच. साखळी सकाळी नऊला निरोप पाठवायची, आणि नऊलाच मठात आरती सुरू व्हायची. ताजा निरोप महाराज ताम्हणातच पहिल्यांदा बघायचे. त्यामुळे त्यांचा चेहरा खरोखर दचकायचा, आणि त्या दचकण्यावरच लोक फिदा होते.

पाचव्या दिवशी अंगणात दुप्पट गर्दी. काशीबाईला पुढे बसवलं होतं, बाजूला तिचं बोचकं. ते तिने स्वतःच बांधून आणलं होतं. आरती झाली, झांजा थांबल्या, महाराज ताम्हणावर वाकले. त्यांचा चेहरा दचकला. माणूस नटच होता, चटकन सावरला.

"आई बोलली!" माइक घुमला. "एकशे एकोणीसचं ईख पळालं! नव्या घरात शिरलं! एकशे सदतीस! एकशे सदतीस लाल झालाय, आंगार झालाय! तिथला मानूस गावाला खातोय! वाड्या सुकवतोय! त्याला उपटा! त्याचं छप्पर उतरवा! त्याला दया दाखवाल तर आई तुमाला..."

धर्माजींचा चेहरा पांढरा पडला होता. ते महाराजांचा पंचा मागून ओढत होते, पण महाराज रंगात आले होते.

"एकशे सदतीस कोनाचा?" दामू ओरडला. "कोन हाय तो? पुढं या!"

लोक एकमेकांकडे बघू लागले. जो तो मनात आपला सातबारा आठवत होता. पाच दिवसांपूर्वी काशीबाईच्या तोंडावर जी भीती होती, ती मी त्या सगळ्या तोंडांवर पाहिली. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

"मी सांगतो," मी पुढे गेलो. "परवाच मोजलाय. एकशे सदतीसवर तुम्ही बसलाय. हा मठ."

कुणी हसलं नाही. महाराजांचं तोंड उघडं राहिलं. "आई परीक्षा घेते..." त्यांनी सुरुवात केली, पण तोवर मी ताम्हणातली फुलं दोन्ही हातांनी काढून फेकली होती. खाली मोबाइल. पडद्यावर गावाचा नकाशा, ईशान्येच्या कोपऱ्यात लालभडक चौकोन आणि त्यावर १३७. मी तो वर धरून फिरवला.

"ही बघा तुमची आई. चार्जिंग अठ्ठ्याहत्तर टक्के."

मठात भजनांसाठी भिंतीएवढा टीव्ही होता. वैष्णवीने त्याला लॅपटॉप जोडला. धर्माजी म्हणाले, "सूनबाई, घरी जा." ती हलली नाही. तिने सगळं सांगितलं: उपग्रह, पाच दिवस, ढग, दामूकाकांची झाडं. मग एकाच सकाळचं एकच चित्र दोनदा दाखवलं. मठ वगळला, एकशे एकोणीस लाल. मठ घेतला, एकशे सदतीस लाल आणि एकशे एकोणीस पिवळा.

"चित्र तेच आहे," ती म्हणाली. "काशीबाईंच्या खळ्यात काही बदललं नाही, मठात काही बदललं नाही. फक्त चौकट मोठी केली. लाल म्हणजे शाप नाही. लाल म्हणजे इथे पानं नाहीत. खळ्यात पानं नसतात. सिमेंटवर नसतात. माझी चूक झाली. मी लाल रंग दिला आणि तो कशाचा ते लिहिलं नाही."

तिने हात जोडले, काशीबाईकडे बघून. गावाने ते पाहिलंच नाही. अर्ध्या लोकांनी तिचं बोलणंही ऐकलं नव्हतं. त्यांच्या कानात एवढंच गेलं होतं, की आता लाल मठ आहे. दामूने मंडपाच्या खांबाला हात घातला. त्याच हातांनी, त्याच कोयत्यांनी मंडप खाली आला. महाराज मागच्या दाराने पळाले. रिक्षात बसताना त्यांच्या पाठीत दोन-चार दगड बसले, आणि छातीशी माइक धरलेला होता. पोलीस दुपारी आले आणि त्यांना बोईसरहून घेऊन गेले.

मग धर्माजींनी तेच केलं जे ते नेहमी करायचे, निकाल दिला. "एकशे एकोणीस निर्दोष!" टाळ्या पडल्या. काशीबाई बोचकं उचलून आधीच घरी गेली होती. सगळा जमाव वाजतगाजत तिच्या दारात. कुणी खण-नारळ आणला होता, कुणी नवे बांबू खांद्यावर घेतले होते. पुढे कुंदन. तो खळ्यात आडवा पडला आणि आईचे पाय धरून रडू लागला.

"आई, चुकलो गं. म्हाराज खोटा निघाला. मशीननं दावलं, तुजा कायबी दोष नाय."

काशीबाईने पाय सोडवून घेतले. ती रडली नाही, ओरडली नाही.

"परवा मशीननं सांगितलं मी डाकीण, तवा तू कोयता घेतलास," ती म्हणाली. "आज मशीन सांगते मी आई, तवा पाय धरतोस. उद्या मशीन फिरलं तर?"

"तसं नाय गं..."

"तू याच खल्यात रांगलास. हितं गवात का नाय, तुला ठावं नव्हतं? आन तुमी!" तिने वर पाहिलं. "दामू, तुजी वाडी हितून पन्नास पावलं. कोन आलं काय बगाया? एक मानूस आला काय पन्नास पावलं चालून, की काशे, तुज्या खल्यात काय हाय?"

मीही मान खाली घातली. तो लाल डाग माझ्याच रेघांत होता, आणि नंबर पुकारला तेव्हा जाऊन बघू या असं मीसुद्धा म्हटलं नव्हतं.

तिने दाराला कुलूप लावलं, किल्ली वैष्णवीच्या हातात दिली आणि बोचकं घेऊन डहाणूला बहिणीकडे निघून गेली. कुंदन रिक्षामागे फाट्यापर्यंत धावला. तिने मागे वळून पाहिलं नाही. सूर्य मावळायला अजून दोन तास होते. गावाने तिला बाहेर काढायला जेवढी मुदत दिली होती, त्याच्या आत ती स्वतःहून गेली.

ही गोष्ट इथे संपली असती तर मी ती लिहिली नसती. महाराज जामिनावर सुटले, आता दुसऱ्या जिल्ह्यात मौन पाळतात असं ऐकतो. धर्माजी अजून विश्वस्त आहेत. वैष्णवीची साखळी चालू आहे, पण तिच्या नकाशाखाली आता प्रत्येक रंगाचा अर्थ मराठीत लिहिलेला असतो, आणि निरोप पाठवायच्या आधी ती स्वतः जागेवर जाऊन बघते. कुंदन दर रविवारी डहाणूला जातो. दाराबाहेर बसतो आणि परत येतो.

पावसाळा संपला, ढग हटले आणि दसऱ्याच्या सुमारास पहिलं स्वच्छ चित्र आलं. त्यात एकशे एकोणीस हिरवागार. सारवायला, झाडायला कुणी नव्हतं, त्यामुळे खळ्यात टाकळा आणि रानगवत कमरेएवढं माजलं होतं. संध्याकाळी दामू माझ्या ओट्यावर आला. फोनवर नकाशा उघडलेला, डोळे चमकत होते.

"चुरीकाका, म्हाराज खोटा असंल. पन ह्ये बगा. बाई गेली आन जागा हिरवी झाली. कायतरी व्हतंच बरं का तिच्यात."

मी त्याला मारलं नाही. वय झालंय. दंडाला धरून चालवत खळ्यापर्यंत नेलं आणि टाकळ्यात उभं केलं. पन्नास पावलं होती, मी मोजली. "हा घे तुझा शाप," मी म्हणालो, "भाजी होते याची." तो हसला, मान हलवली, आणि घरी गेला. त्याला पटलं की नाही, मला माहीत नाही.

म्हणून तुम्हाला सांगतो. आता नकाशे प्रत्येकाच्या खिशात आहेत. वापरा, शिका, मुलासुनांना शिकवा. दामूची झाडं त्यांनीच ओळखली होती. पण आकाशातून आलेलं चित्र आहे म्हणून त्याच्यापुढे हात जोडू नका. रंग कशाला दिलाय ते विचारा, चौकट कुणी आखली आणि तिच्याबाहेर कोण राहिलं ते विचारा. आणि एखाद्या माणसावर बोट ठेवण्याआधी चपला घालून त्याच्या दारापर्यंत चालत जा. आमच्या तीन हजारांच्या गावात एकानेही तेवढं केलं असतं, तर काशीबाई आज आपल्या खळ्यात बोंबील टांगत असती, आणि नकाशात तिची जागा लालच दिसली असती.